हलवा म्हणजे काळं पापलेट नव्हे

कोल्हापूर मटणाचं गाव. बोकडाचा कुठला भाग रश्श्याला आणि कुठला सुक्याला, हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. माशाच्या पाटीसमोर मात्र तोच जाणकार गोंधळतो. हलवा 'काळं पापलेट' म्हणून मागतो, काटबांगड्याला बांगड्याचा थोरला भाऊ समजतो, आणि सुरमईतही वेगवेगळ्या जाती असतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. यात त्याचा दोष नाही. समुद्र आपल्यापासून घाटापलीकडं. मासा येतो तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आंबा घाट चढून, नाहीतर मालवणाकडून गगनबावड्याच्या वाटेनं, बर्फात अर्धा बुडालेला. नावं लागतात ती बाजारातली.

बाजारातली नावं रंगावरून आणि आकारावरून पडतात. माशांची नाती त्यावरून ठरत नाहीत. नातं शेपटीच्या देठावर, बाजूच्या रेघेवर (अंगाच्या कडेनं डोक्याकडून शेपटीकडं जाणाऱ्या बारीक रेघेवर), कल्ल्यांच्या फटीत आणि डोक्याच्या कवटीत लिहिलेलं असतं. मासा कुठल्या कुळातला हे एकदा ओळखता आलं की तो काय खात होता, पाण्याच्या कुठल्या थरात राहत होता आणि घाट चढून येताना किती लवकर बिघडेल, याचाही बराचसा अंदाज येतो.

हलव्यापासूनच सुरुवात करू. हलवा आणि पापलेट दोघंही ताटलीसारखे चपटे, आणि मोठ्या माशात दोघांनाही पोटाखालची परांची, म्हणजे पोहण्याच्या पंखांची, जोडी नसते. चूक होते ती यामुळंच. आता मासा हातात घ्या आणि शेपूट फुटण्याआधी अंग जिथं सगळ्यांत बारीक होतं, त्या देठावर अंगठा फिरवा. हलव्याच्या देठाच्या मधोमध खरखरीत कंगोरा लागतो. बाजूच्या रेघेवरचे खवले तिथं जाड, टोकदार होऊन एकामागं एक बसलेले असतात. पापलेटचं देठ गुळगुळीत असतं. मग कल्ल्याची फट बघा. हलव्याची फट लांब, कल्ल्याचं झाकण उचललं की आतले लाल कल्ले सहज दिसतात. पापलेटची फट आखूड, चाकूनं मारलेल्या चिरेएवढी, तिच्यात बोट घालायचं म्हटलं तरी त्रास होतो. पापलेटचे खवले इतके बारीक आणि सैल की जाळ्यातच निम्मे गळतात, म्हणून घरी आणलेल्या पापलेटवर खवले आहेत हेच अनेकांना पटत नाही. हलव्याचे खवले घट्ट असतात, ते खरवडावेच लागतात.

देठावरचे ते कडक खवले हलव्याचं घराणं सांगतात. तो कॅरँजिडी कुळातला, आणि काटबांगडाही त्याच घरातला. काटबांगड्याच्या बाजूच्या रेघेवर असे पन्नासहून जास्त खवले असतात, म्हणून त्याची शेपटीकडची बाजू करवतीसारखी हाताला लागते. म्हणजे नावात बांगडा असला तरी तो हलव्याचा भाऊबंद आहे. पापलेटचं कूळ वेगळंच, स्ट्रोमाटिडी. हलव्याची पिल्लं नऊ-दहा सेंटिमीटरची होईपर्यंत त्यांना पोटाखालचे छोटे पर असतात, पुढं ते झडतात. दोन वेगळ्या घरांतले मासे एकाच आकाराला दोन वेगळ्या वाटांनी पोचले, याचा हा पुरावा कुणालाही डोळ्यांनी बघता येतो.

पापलेटचं तोंड लहान, जेमतेम करंगळी शिरेल एवढं. त्याचा आहार म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि जेलीफिशसारखे मऊ प्राणी. घशामागं त्याला एक जाड भिंतीची पिशवी असते आणि तिच्या आत दातेरी उंचवटे असतात. तोंडातल्या दातांनी जमत नाही ते भरडण्याचं काम ही पिशवी करते. साफ करताना डोक्यामागं लागणारी कडक गाठ पुष्कळजण 'खराब भाग' म्हणून फेकतात. ती खराब नसते. फेकण्याआधी एकदा उघडून आतली खरखर बघावी.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. आपल्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या पापलेटचं शास्त्रीय नाव अनेक वर्षं पॅम्पस अर्जेन्टियस असं लिहिलं जायचं. अलीकडच्या अभ्यासानंतर आपल्याकडच्या माशाला पॅम्पस कॅन्डिडस हे जुनं नाव परत मिळालं आहे. २०२३ मध्येच राज्यानं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर आहे. १३५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. एवढं पापलेट अजून पिल्लूच असतं, त्यानं एकदाही अंडी घातलेली नसतात. कायद्याची रेघ आहे ती ही इतकी खाली. बाजारात त्याहूनही लहान पापलेटांचा वाटा लावलेला दिसला तर तो स्वस्त आहे म्हणून घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. आपण समुद्रापासून लांब आहोत म्हणून आपल्या पिशवीचा समुद्राशी संबंध नाही, असं होत नाही.

आता खऱ्या बांगड्याकडं. बांगडा, सुरमई आणि कुपा ऊर्फ गेदर ही एकाच घरातली मंडळी, स्कॉम्ब्रिडी कुळातली. खूण सोपी आहे. पाठीवरचा दुसरा पर संपला की शेपटीपर्यंत सुट्या, छोट्या पिसांची रांग लागते आणि तशीच रांग खालच्या बाजूला असते. बांगड्याला वर पाच, खाली पाच. काटबांगड्यालाही अशी पिसं असतात, त्यामुळं नुसत्या पिसांवर विसंबू नये, बाजूची करवत बघावी. बांगड्याचं अंग देठापाशी गुळगुळीत असतं आणि छातीच्या पराखाली एक काळा ठिपका असतो.

बांगड्याचं तोंड पूर्ण उघडून आत डोकावलं की कल्ल्यांच्या कमानींवर लांब, मऊ, पिसासारखे दाते दिसतात. ही त्याची चाळण. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहतो, पाणी कल्ल्यांतून मागं जातं आणि बारीक तरंगते जीव चाळणीत अडकतात. सुरमईच्या तोंडात असलं काही नाही. तिथं चपटे, धारदार दात आहेत, कारण तिचं पोट बांगडा-तारलीसारख्या माशांवरच भरतं. एकाच घरातले दोघे, एक चाळून खाणारा आणि एक कापून खाणारी. बांगड्याच्या शास्त्रीय नावातला 'कानागुर्टा' हा शब्द आपल्याच देशातला, विशाखापट्टणमच्या कोळ्यांकडून ऐकलेला. तिथून तो युरोपातल्या पुस्तकांत गेला आणि १८१६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिएनं तोच नावात कायम केला.

सुरमई घेताना अख्खा मासा मांडलेला असेल तर कातडीवरची नक्षी वाचावी. अंगावर उभ्या, नागमोडी, बारीक पट्ट्या असतील आणि बाजूची रेघ दुसऱ्या पराच्या खाली एकदम खाली घसरत असेल, तर ती स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन, मोठी होणारी सुरमई. पट्ट्यांऐवजी ठिपक्यांच्या तीनेक ओळी असतील आणि रेघ हळूहळू उतरत जात असेल, तर ती स्कॉम्बेरोमोरस गट्टॅटस, आकारानं लहान राहणारी. खायला दोन्ही चांगल्या. पण दोन किलोची पट्ट्यांची सुरमई हे लहान वयाचं जनावर असतं, आणि तेवढ्याच वजनाची ठिपक्यांची सुरमई चांगली वाढलेली असते. वजन सारखं म्हणून वय सारखं नसतं. नुसत्या तुकड्या मांडलेल्या असतील तर मधल्या हाडाजवळचं मांस बघा. तिथं गर्द लाल, जवळजवळ कलेजीच्या रंगाचा मोठा भाग दिसला तर ती तुकडी कुप्याची आहे. सुरमईत असा लाल पट्टा असतो, पण कातडीलगत आणि बारीक.

हा लाल भाग म्हणजे सतत चालू असणारा स्नायू. सुरमईला हवेची पिशवी नसते, त्यामुळं ती थांबली की बुडते. कुपा तर अंगातली उष्णता शिरा-धमन्यांच्या जाळीत अडवून धरतो आणि आजूबाजूच्या पाण्यापेक्षा आपले स्नायू गरम ठेवतो. अशा अखंड पोहणाऱ्या माशांच्या स्नायूंत हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा जिवंत असेपर्यंत ते त्याच्या कामाचं. मेल्यावर त्याचाच घोळ होतो.

कोल्हापूरकरानं सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं ते इथं. मासा मेला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू मांसात पसरतात. मासा गरम राहिला तर त्यांतले काही जिवाणू हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, आणि पुन्हा बर्फात घातल्यानंही जात नाही. बर्फानं पुढचं थांबतं, झालेलं तसंच राहतं. असा बांगडा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन-तीन तासांच्या आत तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. लोक म्हणतात, 'बांगडा उष्ण पडला' किंवा 'मला बांगड्याची ॲलर्जी आहे'. बऱ्याचदा ती ॲलर्जी नसते. तोच माणूस महिन्याभरानं बर्फात नीट आलेला बांगडा खातो आणि त्याला काहीच होत नाही. घास घेतल्यावर जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली आणि ती मसाल्याची वाटली नाही, तर तो मासा तिथंच बाजूला ठेवावा. त्रास झालाच आणि श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा. काटबांगडा, कुपा आणि तारली यांनाही हीच खबरदारी.

गंमत म्हणजे वासानं हे कळत नाही. हिस्टामिनला स्वतःचा वास नसतो. म्हणून विकत घेताना मासा कसा दिसतो यापेक्षा तो कशात ठेवलाय हे आधी बघावं. आपल्या हवेत हिशेब असा की एक किलो माशाला जवळपास एक किलो बर्फ, आणि तोही फोडलेला, माशाच्या खाली, वर आणि मध्ये. बर्फाचा मोठा ढेकूळ नुसता वर ठेवला तर त्याच्याजवळचे मासे गार होतात आणि तळाचे गरम राहतात. वितळलेलं पाणी खालून निघून गेलं पाहिजे. क्रेटला भोकं नसतील तर तळाचे मासे रक्तमिश्रित पाण्यात भिजत घाट चढतात, आणि सगळ्यांत आधी तेच बिघडतात. थर फार उंच रचला तर खालचे मासे दबतात, पोट फुटतं, आतड्यांतले जिवाणू मांसात उतरतात. एकाच क्रेटमधला वरचा बांगडा ताठ आणि तळाचा लुळा, असं दिसतं ते यामुळं. पाटीवर पाणी मारत राहिल्यानं मासा चमकतो, गार होत नाही.

घरी आणल्यावर चूक होते ती फ्रिजवर भरवसा ठेवल्यानं. घरचा फ्रिज साधारण चार-पाच अंशांवर असतो, दार सारखं उघडलं तर त्याहूनही गरम. माशाला शून्याजवळचं तापमान हवं. तेव्हा बांगडा आणल्याआणल्या पोट आणि कल्ले काढावेत, गार पाण्यानं धुवावा, मग पातेल्यावर चाळण ठेवून त्यात बर्फाच्या खड्यांमध्ये मासे लावावेत आणि हे सगळं फ्रिजमध्ये ठेवावं. पाणी खाली गळतं, मासा बर्फातच राहतो. असा मासा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत करायला हरकत नाही. मीठ-हळद लावून बाहेर ओट्यावर दोन तास ठेवायची पद्धत बांगड्याला तरी सोडावी. मुरवायचाच असेल तर फ्रिजमध्ये मुरवावा.

तारलीचं पोट बऱ्याचदा विकत घेतानाच फुटलेलं दिसतं. ते नेहमी शिळेपणामुळंच नसतं. तारली भरपेट खात असताना जाळ्यात सापडली की तिच्या आतड्यातले पाचक रस तेव्हा जोरात असतात. मासा मरतो, रस काम करत राहतात आणि पोटाची पातळ भिंतच पचवून टाकतात. उपाशी पोटी सापडलेली तारली तेवढ्याच वेळात शाबूत राहते. तरी आपल्याकडं पोचेपर्यंत किती तास गेले याचा हिशेब आपल्या हातात नसतो, म्हणून फुटलेली तारली न घेतलेलीच बरी. तारलीच्या पोटाखालची काटेरी धार आणि बाजूच्या रेघेचा अभाव, या तिच्या घराण्याच्या खुणा.

एक प्रश्न हमखास विचारला जातो. समुद्र इतका खारट, मग मासा खारट का नाही? कारण मासा मीठ आत राहूच देत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बांगड्या-सुरमईच्या रक्तात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. बाहेर जास्त मीठ आणि आत कमी, म्हणून त्यांच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. पाण्यात राहूनही हे मासे कायम तहानलेले. ते समुद्राचं पाणी पितात, कल्ल्यांतल्या खास पेशी जादा मीठ बाहेर फेकतात, आणि मूत्र अगदी थोडं सोडतात. पंचगंगेतल्या माशाचं बरोबर उलटं. त्याच्या अंगात बाहेरचं पाणी घुसत राहतं, म्हणून तो पाणी पीत नाही, मूत्र भरपूर सोडतो आणि कल्ल्यांतून मीठ गोळा करतो.

समुद्रातले मासे पेशींत एक द्रव्य साठवतात, ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि ज्याला आपण 'मासळीचा वास' म्हणतो तो मुख्यतः याचा. नदीच्या माशात हे द्रव्य फार कमी. त्याला येतो तो चिखलाचा वास, आणि तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेला. दोन्ही वासांवर आंबट हाच उतारा. आमसूल, चिंच, लिंबू यांतल्या आम्लानं ट्रायमिथाइलअमाइन हवेत उडायचं थांबतं आणि जिओस्मिनही मोडतं. मालवणात आमसूल आणि आपल्याकडं चिंच, ही नुसती चवीची आवड नाही. मात्र आंबटानं वास जातो, हिस्टामिन जात नाही, हे विसरू नये.

मोरी ऊर्फ मुशीनं मिठाचा प्रश्न तिसऱ्याच रीतीनं सोडवला आहे. तिला हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा. ती अंगात युरिया धरून ठेवते, मांसात जवळजवळ दोन टक्के, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी तोलात राहतं. मेल्यावर जिवाणू या युरियाचा अमोनिया करतात. मोरीला येणारा तो झोंबरा वास हा अमोनियाचा. तुकडे गार पाण्यात तासभर ठेवून, दोनदा पाणी बदलून, मग चिंचेचं पाणी लावलं तर ताज्या मोरीचा युरिया बराच उतरतो. नाकात झोंबेल इतका वास आधीच येत असेल तर धुण्याच्या भानगडीत पडू नये. मोरीची कातडी शेपटीकडून डोक्याकडं हात फिरवला की कानशीसारखी लागते, कारण तिच्यावर खवल्यांऐवजी दातांच्याच घडणीचे कण असतात. गरम पाणी ओतून ते खरवडून काढतात.

रंगाबद्दल थोडंसं. बांगडा, तारली, सुरमई वरून निळे-हिरवे आणि खालून चांदीसारखे. वरून बघणाऱ्या पक्ष्याला ते गडद पाण्यात मिसळलेले दिसतात, खालून बघणाऱ्या शिकाऱ्याला उजेडात. राणी मासा आणि तांबोशी लाल का? पाण्यात शिरताना उजेडातला लाल रंग सगळ्यांत आधी शोषला जातो. खोल पाण्यात लाल उजेड पोचतच नाही, मग लाल मासा तिथं लाल न दिसता काळपट दिसतो आणि लपतो. आपल्या पाटीवर सगळ्यांत उठून दिसणारा रंग समुद्रात लपण्याचा आहे. लेपा तर तळाच्या वाळूचाच रंग घेतो. पिल्लू असताना त्याला दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. वाढताना एक डोळा कवटीवरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा आयुष्यभर एका कुशीवर झोपतो. म्हणून लेप्याची एक बाजू रंगीत आणि दुसरी पांढरी.

शिंगाळा साफ करताना हात सांभाळा. पाठीवर एक आणि छातीच्या दोन बाजूंना एकेक असे तीन दातेरी काटे असतात आणि त्यांना विष असतं. मेलेल्या माशाचाही काटा लागतो. पकडीनं तिन्ही काटे आधी मुळापासून मोडावेत, मग मासा हातात घ्यावा. काटा लागलाच तर जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. हे विष प्रथिनांचं असल्यानं उष्णतेनं निकामी होतं. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, न दुखावलेल्या हातानं बघावं, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरकडं जावंच लागतं. याच शिंगाळ्याचा नर गोटीएवढी अंडी तोंडात धरून सांभाळतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत उपाशी राहून. तोंडात अंडी असलेला शिंगाळा बाजारात दिसला तर त्यानं ती खाल्लेली नसतात.

'मोठा मासा घ्या, लहान सोडा' हा नियम साधारण बरोबर आहे, पण सगळ्यांना लागू नाही. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. हेकरू उलट, आधी मादी, मग नर. सगळे मोठे जिताडे मारले तर मादीच उरत नाही, सगळे मोठे हेकरू मारले तर नर उरत नाहीत.

१ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पावसाळी वाऱ्यांनी खालचं पोषक पाणी वर येतं, तरंगत्या जिवांचा सुकाळ होतो आणि तारलीसारखे मासे तेव्हा अंडी घालतात. या दोन महिन्यांत कोल्हापुरात 'आजच आलेलं ताजं पापलेट' असं कुणी म्हणालं तर ते कुठून आलं हे विचारावं. बहुतेक ते गोठवलेलं असतं. गोठवलेलं वाईट नसतं, ताज्याच्या भावानं घेणं वाईट. त्यापेक्षा सुका मासा घ्यावा.

सुक्यांत पहिला मान बोंबलाचा. ओल्या बोंबलाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी, म्हणून तो घाट चढेपर्यंत लगदा होतो आणि आपल्याला माहीत असतो तो वाळलेलाच. हा हार्पाडॉन नेहेरियस, आणि त्याच्या कुळातला दुसरा मासा म्हणजे चोर बोंबील. बोंबलाची शेपूट नीट बघितली तर दोन नव्हे, तीन टोकांची असते. बाजूची रेघ शेपटीत शिरून मधलं टोक बनवते. दात आत वळलेले, सुईसारखे. किनाऱ्यावर वलांड्यांवर, म्हणजे बांबू-दोऱ्यांच्या मांडवांवर, बोंबील वाळत घालतात तेव्हा दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. दातांचा आकडा पक्का बसतो, बांधायला सुतळी लागत नाही. सुका बोंबील घेताना तो वाकवून बघावा. लवचिक आणि दमट लागला तर आत पाणी राहिलंय, डब्यात बुरशी धरणार. मटकन मोडला तर नीट वाळलाय. डोळ्यांभोवती आणि कल्ल्यांत बारीक भोकं असतील तर किडा लागलाय.

आणि ढोमा. कोल्हापुरात त्याला फारसा भाव नाही, पण शिकायला त्याच्यासारखा मासा नाही. घोळ त्याचाच मोठा नातलग. घोळीला शेजारच्या गुजरातनं २०२३ मध्ये आपला राज्य मासा केलं. तिच्या हवेच्या पिशवीला, म्हणजे भोताला, सोन्यासारखा भाव येतो. या कुळाची खूण बाजूच्या रेघेत आहे. ती देठापाशी संपत नाही, शेपटीच्या परात शिरून टोकापर्यंत जाते. हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून हे मासे ढोलासारखा आवाज काढतात, आणि ऐकणाऱ्याचे कानही तसेच तयार असतात. माशाच्या कानात खडे असतात, आणि ढोम्याचे खडे आकाराच्या मानानं फार मोठे.

ते काढायचे असे. ढोम्याचं डोकं टाकून देऊ नका. डोळ्यांच्या जरा मागं, वरून आडवी सुरी घालून कवटीचं झाकण उघडा. फार खोल गेलात तर खडा सुरीखाली तुटतो, म्हणून मेंदूचा पांढरा गोळा दिसताच थांबा. मेंदूच्या खाली, मागच्या बाजूला, डावीकडं आणि उजवीकडं एकेक पारदर्शक पिशवी असते. चिमट्यानं तिच्यातला खडा अलगद उचला. कच्चं डोकं जमत नसेल तर पाच मिनिटं उकळा, हाडं आपोआप सुटतात. वीस-बावीस सेंटिमीटरच्या ढोम्यात खडा साधारण सेंटिमीटरभर, पांढरा, चिनी मातीसारखा. बांगड्यातला याच्या पासंगाला पुरत नाही, पापुद्र्यासारखा पातळ असतो आणि उचलतानाच तुटतो.

खडा साध्या पाण्यात दोन बोटांत चोळून धुवा. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, खडा चुनखडीचा असल्यानं फेस येऊन विरघळतो. फॉर्मलिनच्या बाटलीत ठेवलेल्या जुन्या माशांचे खडे नाहीसे झालेले असतात ते याच कारणानं, ते द्रावण हळूहळू आंबट होत जातं. सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर माशाचं नाव, लांबी आणि तारीख लिहा. आता आतली बाजू उजेडात तिरकी धरा. तिच्यावर एक खोलगट खूण दिसते, जाड डोकं आणि वळलेली शेपटी, हुबेहूब बेडकाच्या पिल्लासारखी. ही खूण या कुळाची सही आहे. काळ्या कागदावर बशीत पाणी घेऊन त्यात खडा ठेवला आणि दहापट भिंगातून बघितलं तर धूसर आणि पारदर्शक पट्ट्या आलटून-पालटून दिसतात. पातळ कापून, एक हजार नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्यात घासून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली नेला तर दिवसाला एक अशी बारीक कडी मोजता येते. माशाच्या खड्यात रोजची नोंद असते हे १९७१ मध्ये पॅनेला या शास्त्रज्ञानं दाखवलं. थंड देशांत वर्षांच्या पट्ट्या ठळक असतात. आपल्या गरम समुद्रात त्या पुसट पडतात, म्हणून नुसत्या भिंगानं मोजलेलं वय पक्कं धरू नये, किमान तीन-चार माशांचे खडे शेजारी ठेवून मगच अंदाज करावा.